मशीन लर्निंग आणि आजाराचा धोका: नोंदींतून अंदाज कसा निघतो?

मशीन लर्निंग म्हणजे संगणकाला जुनी उदाहरणे दाखवून शिकवणे. दवाखान्यात ही उदाहरणे म्हणजे रुग्णांच्या नोंदी: वय, बी.पी., शुगरचे रिपोर्ट, चालू गोळ्या, किती वेळा ॲडमिट झाले. पुढे त्या रुग्णांचे काय झाले, हेही संगणकाला दाखवतात. मग तो नव्या रुग्णाच्या धोक्याचा अंदाज आकड्यात सांगतो.

आकड्याचा अर्थ काय?

धोका २० टक्के, म्हणजे तुमच्यासारख्या १०० जणांपैकी साधारण २० जणांना तो त्रास होऊ शकतो. हे निदान नव्हे. निदान डॉक्टरच करतात.

यंत्र कुठे चुकते?

अमेरिकेतले उदाहरण पाहू. तिथे जास्त आजारी रुग्णांना जादा देखभाल मिळावी म्हणून एक प्रणाली वापरली जात होती. २०१९ साली झियाद ओबरमायर, सेंधिल मुल्लईनाथन आणि सहकाऱ्यांनी तिची तपासणी 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. सारखाच आकडा मिळालेल्यांत कृष्णवर्णीय रुग्ण गोऱ्यांपेक्षा जास्त आजारी निघाले. गंमत म्हणजे यंत्राला वंश सांगितलेलाच नव्हता!

मग चूक कशी झाली? यंत्राला आजार नव्हे, तर उपचारावरचा खर्च ओळखायला शिकवले होते. गरिबी, दवाखान्यापर्यंत न पोहोचणे, भेदभाव यांमुळे कृष्णवर्णीयांवर खर्च कमी होत होता. यंत्राने त्याचा अर्थ लावला, 'हे कमी आजारी.' ही चूक दुरुस्त केली तर जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्के होईल, असे संशोधकांना आढळले.

आपण काय करावे?

खर्च कमी म्हणजे आजार कमी, असे नसते. पैशाअभावी ज्या अम्मीने तपासणीच केली नाही, तिचा आजार कुठल्याच नोंदीत येत नाही. आपल्याकडेही २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली १४ अंकी 'आभा' क्रमांकाला रिपोर्ट जोडता येतात. म्हणून:

- घरातल्या प्रत्येकाची वेगळी फाईल ठेवा. जुने रिपोर्ट फेकू नका.
- डॉक्टरांना सगळे सांगा: हकीमांची दवा, तंबाखू, घराण्यातली शुगर.
- रिपोर्ट कोण बघणार, हे विचारूनच संमती द्या.
- आकडा कमी आला, पण त्रास होतोय? तर डॉक्टरांना दाखवाच.

यंत्राला फक्त नोंद दिसते. दुखणे कुठे आहे, हे आपल्यालाच सांगावे लागते.