टाक्याची निवड

शिवणयंत्राचा इतिहास सांगू लागणारे बहुधा एलियास हाऊ यांच्या 1846 च्या आणि आयझॅक सिंगर यांच्या 1851 च्या पेटंटपाशीच रमतात, आणि वरचा व खालचा असे दोन दोरे कापडाच्या पोटात एकमेकांत अडकवून पक्की टीप घालण्याची ती युक्ती खरोखरच थोर होती. परंतु त्या यंत्रांना सरळ रेषेतला एकच टाका ठाऊक होता, आणि फार तर त्याची लांबी कमीजास्त करण्याची मुभा पुढे शिवणाऱ्यास मिळाली. 1873 साली हेलन ब्लँचर्ड या अमेरिकन स्त्रीने नागमोडी टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. सुई आता नुसती खालीवर न होता डावीउजवीकडेही झुकू लागली आणि टाक्याला लांबीच्या जोडीने रुंदी प्राप्त झाली; पुढच्या काळातील सारी नक्षी या दोन मापांच्याच संयोगातून उपजली आहे.

घरगुती यंत्रात अशा नक्षीची तजवीज तबकड्यांनी केली. 1952 साली आलेल्या एल्ना सुपरमॅटिक या स्विस यंत्रात प्रत्येक नक्षीसाठी वेगळी तबकडी बसवावी लागे. तबकडीची कड मुद्दाम उंचसखल कापलेली असे. ती फिरताना तिच्यावर टेकलेला दांडा तो चढउतार अनुभवी आणि त्याप्रमाणे सुई बाजूला सरके. टाका ही त्या काळी मुठीत धरता येण्याजोगी वस्तू होती, आणि जिच्याजवळ जेवढ्या तबकड्या तेवढेच तिचे वैभव, हे मला त्या यंत्रांचे फार लोभस वैशिष्ट्य वाटते.

1975 साली सिंगरने अथेना 2000 हे इलेक्ट्रॉनिक यंत्र घरगुती वापरासाठी आणले, आणि 1979 मध्ये जपानच्या जानोमे कंपनीचे मेमरी 7 अवतरले. तबकडीच्या कडेची जागा आकड्यांनी घेतली: कोणत्या टाक्याला सुई किती झुकावी आणि कापड किती सरकावे, हा सारा तपशील स्मृतीच्या दप्तरात नोंदलेला असतो आणि लहान मोटारी त्याबरहुकूम सुई व कापड सरकविणारे दाते हलवितात. बटण दाबताच यंत्र लांबी-रुंदी स्वतःच सुचविते.

आपल्याकडे साडीच्या कडेला फॉल-पिको करून देणाऱ्या बायांना या सूचनेची मर्यादा पुरती ठाऊक आहे. पिको हा मुळात अरुंद, दाट नागमोडी टाकाच. सुईचा एक ठोका कापडावर आणि दुसरा अगदी कडेबाहेर पडला तरच कड वळून बसते. सुती साडीला जे माप शोभते तेच जॉर्जेटला लावले की टाके दाटून कड ताणली जाते आणि तिला लहरी येतात; म्हणून जाणती बाई लांबी थोडी वाढविते, दोऱ्याचा ताण सैल करते आणि त्याच कापडाच्या चिंधीवर आधी टीप मारून पाहते.

काजाचा मामला याहून नाजूक. त्याच्या दोन बाजूंपैकी एक पुढे आणि दुसरी उलट सरकत शिवली जाण्याची पद्धत अनेक यंत्रांत आहे. जाड कापडावर किंवा बकरम लावलेल्या पट्टीवर दात्यांची पकड दोन्ही दिशांना सारखी राहत नाही, आणि मग एक बाजू गच्च तर दुसरी विरळ उतरते. यंत्रकारांना हे अवगत असल्यामुळेच इतक्या स्मृती देऊनही त्यांनी पुष्कळ यंत्रांवर हा तोल साधण्याची एक लहानशी कळ शिल्लक ठेवली. विरळ बाजू भरून येईपर्यंत ती जराजराशी फिरवीत जावे लागते, आणि पट्टीचे कापड बदलले की पुन्हा.