मेण्यापासून मागच्या सीटपर्यंत : आलिशान मोटारीच्या अंतरंगाचा इतिहास

मोटारीचा इतिहास सांगताना आपण बहुधा इंजिनाचा इतिहास सांगतो. अश्वशक्ती किती, वेग किती, एका लिटरमध्ये गाडी किती धावते, हे त्याचे ठरलेले प्रश्न. गाडीच्या आतल्या बैठकीला मात्र या इतिहासात दुय्यम स्थान मिळते. सीटचे कापड बदलले, डॅशबोर्डवर लाकडाची पट्टी आली, खिडकीची काच कळीने वरखाली होऊ लागली, या गोष्टी विक्रेत्याच्या माहितीपत्रकात शोभतात आणि तेथेच विरून जातात. परंतु समाजाचा अभ्यास करणाऱ्याला याच गोष्टी अधिक बोलक्या वाटाव्यात. कारण गाडीची अंतर्रचना ठरवताना कारखानदाराला एका प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते : या गाडीचा मालक कुठे बसणार आहे? महाराष्ट्रात तयार झालेल्या काही गाड्यांच्या एकामागून एक आलेल्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर हे उत्तर सत्तर वर्षांत कसे बदलत गेले ते स्पष्ट दिसते.

'सेडान' हा शब्दच येथे उपयोगी पडतो. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दोन माणसांनी दांड्यांवर पेलून न्यायच्या बंदिस्त खुर्चीला हे नाव होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ते बंद मोटारीला चिकटले. म्हणजे सेडान हा आपल्याकडील मेण्याचाच दूरचा भाऊबंद. मेण्यात बसणारा आत आणि वाहणारे भोई बाहेर, ही विभागणी उघड होती. विदर्भातल्या दमणीत अंतर थोडे कमी झाले. बैल हाकणारा पुढे धुरेकडे आणि सवारी मागे गादीवर, पण दोघेही एकाच गाडीत. मोटारीने या दोघांना एकाच छपराखाली, काचेच्या आत, एकाच हवेत आणले. आणि मग बंद खोलीत अंतर राखायचे कसे, हा नवाच प्रश्न निर्माण झाला.

आपल्याकडे काही दशके तो फारसा निकडीचा नव्हता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या बांधायला सुरुवात केली, तेव्हा मोटार असणे हीच चैन होती. पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल '११००' मराठी घरांत 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली जाई. तिची पुढची दारे मधल्या खांबावर टांगलेली आणि म्हणून उलट्या दिशेने उघडणारी. १९६४ मध्ये 'डिलाईट' आली आणि दारे सरळ झाली. त्यानंतर सत्तरच्या दशकात हीच गाडी आधी 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. नावे तीन, गाडी एकच. समोर सलग बाकड्यासारखी सीट, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर, वाऱ्यासाठी दाराच्या काचेपुढे फिरणारी छोटी त्रिकोणी काच. इटलीत फियाटने ११०० डी हे मॉडेल १९६६ मध्येच मागे टाकले होते. कुर्ल्यात तिचाच वंश शतक संपेपर्यंत तयार होत राहिला.

बदल का झाला नाही, याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. परवान्यांची व्यवस्था, किमतींवरील सरकारी नियंत्रण आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. ज्या मालासाठी गिऱ्हाईक आधीच रांगेत उभे आहे, त्याच्या सीटचे कापड कोण बदलेल? अमेरिकेत जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० च्या दशकात दरवर्षी नवे रूप देण्याचे तंत्र रूढ केले होते. कालची गाडी आज जुनी वाटली पाहिजे, हे त्याचे सूत्र. आपल्याकडे ते उलटे लागू पडले. कालची आणि आजची गाडी सारखीच, म्हणून अंतर्रचनेचे काम मालकाने स्वतःच्या हाती घेतले. सीटला घरी शिवलेली कव्हरे, डॅशबोर्डवर गणपती, छोटा पंखा, नंतर कॅसेट प्लेअर. ही सजावट दिवाणखान्याची होती. पद्मिनीत मालक बहुतेक वेळा स्वतः गाडी चालवी, शेजारी पत्नी बसे, मध्ये एखादे मूल. सलग सीटने कुटुंबाला एका रांगेत बसवले. त्या गाडीत प्रतिष्ठेची अशी वेगळी जागाच नव्हती.

१९८५ मध्ये त्याच कंपनीने '११८ एनई' आणली. फियाट १२४ चा सांगाडा, निस्सानचे इंजिन आणि गिअरबॉक्स. गिअर दांड्यावरून जमिनीवर आला, पुढची सीट दोन वेगळ्या आसनांत विभागली गेली. पद्मिनीलाही अखेरच्या वर्षांत हाच बदल लाभला. वरवर पाहता ही सोय होती. परंतु चालक आणि शेजारचा माणूस यांच्यामध्ये पहिली सीमारेषा आखली गेली ती येथे.

खरा पालट उदारीकरणानंतरचा. मर्सिडीज-बेंझने १९९४ मध्ये टेल्कोच्या भागीदारीत भारतात कंपनी काढली आणि १९९५ मध्ये पिंपरीला 'ई-क्लास'ची जुळणी सुरू झाली. ही गाडी डब्ल्यू १२४ या पिढीची. युरोपात ती १९८४ च्या अखेरीस आली होती आणि १९९५ मध्येच तिची जागा नवी पिढी घेत होती. तेथे मावळणारी गाडी येथे उगवली. तरीही पद्मिनीच्या पार्श्वभूमीवर तिचे अंतरंग अचंबित करणारे होते. गंभीर, काटेकोर, थोडेसे शाळामास्तरी. काट्यांच्या गोल तबकड्या, त्यांतच घड्याळ, मोजके लाकूड, खिडक्यांच्या कळा दारावर नसून गिअरच्या भोवती, पायाने दाबायचा पार्किंग ब्रेक. सारे काही चालकाच्या हाताशी. या डॅशबोर्डची निष्ठा चालवणाऱ्या माणसाशी होती, कारण ज्या देशात ती रेखाटली गेली तेथे मालकच गाडी चालवत असे.

त्यानंतरच्या डब्ल्यू २१० पिढीत १९९९ चा फेरबदल लक्षणीय आहे. बाहेरून फरक थोडा, पण स्टिअरिंगवर कळा आल्या आणि तबकडीच्या आत अक्षरे उमटू लागली. यंत्र वाचकाशी बोलू लागले, असे म्हणावे लागेल. रोलाँ बार्थ यांनी १९५० च्या दशकात सिट्रोएनच्या नव्या गाडीवर लिहिताना तिचा डॅशबोर्ड कारखान्याच्या नियंत्रणकक्षापेक्षा आधुनिक स्वयंपाकघराच्या ओट्यासारखा दिसतो, असे निरीक्षण नोंदवले होते. शतकाच्या अखेरीस तो ओटाही मागे पडला आणि डॅशबोर्ड कार्यालयातल्या टेबलासारखा होऊ लागला.

परंतु आपल्या दृष्टीने निर्णायक वर्ष २०१७. चाकणच्या कारखान्यातून त्या वर्षी ई-क्लासची लांब आवृत्ती बाजारात आली. असा प्रयोग चीनमध्ये आधी झाला होता. उजव्या बाजूस स्टिअरिंग असलेली लांब ई-क्लास मात्र केवळ भारतासाठी होती. दोन आसांमधले अंतर ३०७९ मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या आवृत्तीपेक्षा १४० मिलिमीटर जास्त. हे साडेपाच इंच सगळेच्या सगळे मागच्या सीटच्या पायांपाशी गेले. पाठ मागे कलवता येऊ लागली, खिडक्यांना पडदे आले. मेण्याचा पडदा परतला म्हणायचा! गंमत अशी की, गिअर निवडण्याची कळही पुन्हा स्टिअरिंगच्या दांड्यावर गेली होती, जिथे ती पद्मिनीत होती. तेव्हा त्यामुळे तिघे एका रांगेत बसत. आता ती जागा पेलाधारकांना मिळाली.

२०२१ च्या फेरबदलात लांबीला हात लागला नाही. बदलले ते पडद्यांचे वर्तन. आधी मधला पडदा खालच्या चकतीने फिरवावा लागे, आता १२.३ इंचांचे दोन पडदे शेजारी शेजारी आले, ते बोटाला आणि हाकेलाही प्रतिसाद देऊ लागले. २०२४ ची पिढी आणखी १५ मिलिमीटरने लांबली, ३०९४ वर पोचली. मधला पडदा १४.४ इंचांचा झाला आणि चालकाशेजारी बसणाऱ्यालाही स्वतंत्र पडदा मिळाला. त्यावरची चित्रे चालकाच्या नजरेस पडू नयेत, अशीही व्यवस्था आहे. डॅशबोर्डवर छायाचित्रासाठी कॅमेरा बसला. मागे बसलेल्याला आपल्या पायांसाठी पुढची डावी सीट आणखी पुढे सरकवता येते.

आता आकडे जोडून पाहावेत. १९९५ ची पिंपरीची गाडी २८०० मिलिमीटरची, २०२४ ची चाकणची ३०९४ ची. तीस वर्षांत जवळजवळ एक फूट वाढ, आणि तिचा जवळजवळ निम्मा वाटा ज्या एका बदलाने आला, तो केवळ मागे बसणाऱ्यासाठी होता. जर्मनीत चालकाभोवती रेखाटलेली गाडी आपण मालकाभोवती पुन्हा रेखाटून घेतली. हे कंपनीने लादले नाही, ही आपली मागणी होती.

वर्ध्याला लागून असलेल्या सावंगी (मेघे) सारख्या गावातही हा इतिहास वाचता येतो. १९९० मध्ये येथे वैद्यकीय महाविद्यालय आले आणि यवतमाळ रस्त्यावरचे हे गाव बदलत गेले. रुग्णालयाच्या आवारात उभ्या असलेल्या मोठ्या गाड्यांजवळ ड्रायव्हर मंडळी ताटकळताना दिसतात. मालक परत येईतो गाडी बंद, वातानुकूलन बंद, आणि ड्रायव्हर बहुधा सावलीत, गाडीबाहेर. ज्या आसनावर तो दिवसाचे आठ-दहा तास काढतो, त्याच्याविषयी माहितीपत्रकात फारसे काही नसते. सेवाग्राम येथून फार दूर नाही, हे वेगळे सांगायला नको.

मात्र मागची सीट श्रेष्ठ आहे, म्हणून ती सुरक्षितही आहे, या समजुतीची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी मृत्युमुखी पडले. पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनीही पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पट्टा तेथे होताच. तो बांधण्याचा नियमही आधीपासून होता. मागे बसणाऱ्याला तो आपल्यासाठी आहे असे वाटत नव्हते, इतकेच.

प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर मागची जागा रुंदावली, मऊ झाली, पडद्याआड गेली. सीटचा पट्टा मात्र पुढे आणि मागे सारख्याच कापडाचा, सारख्याच रुंदीचा राहिला. मालक आणि ड्रायव्हर यांच्यात भेद न करणारी, मेण्यात कधीच नसलेली अशी ती गाडीतली एक वस्तू. पुढच्या मॉडेलचे माहितीपत्रक हाती येईल तेव्हा तिच्यावर एखादी ओळ तरी आहे का, ते आवर्जून पाहावे.