जत्रा, वारी आणि कॉमिक कॉन: गर्दीतला आजार कोणत्या वाटेने येतो?

आपल्या हिंगोलीला गर्दी नवीन नाही. रामलीला मैदानावरच्या दसऱ्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. महाशिवरात्रीला औंढा नागनाथला दर्शनाच्या रांगा लागतात. नर्सी ही संत नामदेवांची जन्मभूमी. आषाढीच्या आधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखीही नर्सी, औंढा, जवळा बाजार या वाटेनेच पंढरपूरकडे जाते.

आता या यादीत एका नव्या जत्रेची भर पडली आहे. पुण्या-मुंबईत शिकणारी आपली मुले ‘कॉमिक कॉन’ला जातात. कॉमिक्स, ॲनिमे आणि सुपरहिरोंच्या चाहत्यांचा हा मेळा भारतात २०११ साली सुरू झाला. मुले आवडत्या पात्राचा वेश करून जातात, दिवसभर बंद हॉलमध्ये फिरतात, फोटो काढतात आणि रात्रीच्या बसने परत येतात. दोन-तीन दिवसांत घसा धरतो, ताप येतो, अंग दुखते. हे जगभर इतके नेहमीचे आहे की चाहत्यांनीच या आजारपणाला ‘कॉन क्रड’ असे नाव दिले आहे. म्हणजे मेळ्याहून सोबत आलेली सर्दी-तापाची ब्याद!

मग आई-वडील विचारतात, “डॉक्टर, अशा गर्दीत मुलांना पाठवावे का?” हा प्रश्न महाराष्ट्रात दोनशे वर्षांपासून विचारला जातो आहे आणि त्याची बरी-वाईट उत्तरे आपल्या पूर्वजांनी भोगून झाली आहेत. तो इतिहास कळला, तर आजचे उत्तर सोपे होते.

पटकी आणि मरीआईचा गाडा

१८१७ साली बंगालमधल्या जेसोर भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, मोठी साथ उसळली. पुढच्या वर्षी ती दख्खनमधून सरकत ऑगस्ट १८१८ मध्ये मुंबईत पोहोचली. सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाब-उलट्यांनी संध्याकाळपर्यंत दगावायचा. शरीरातले पाणी आणि क्षार इतक्या वेगाने निघून जात की डोळे खोल जात, हातापायांना गोळे येत आणि नाडी लागेनाशी होत असे.

जंतू ही कल्पनाच तेव्हा नव्हती. गावोगाव मरीआईची पूजा करून तिचा गाडा शिवेपर्यंत ओढत नेत. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेपलीकडे न्यायचा. या प्रथेला हसण्याआधी तिच्यात दडलेले निरीक्षण पाहा. आजार एका गावातून दुसऱ्या गावात वाटेने जातो, हे लोकांना दिसत होते. कशातून जातो, एवढेच कळायचे बाकी होते.

पंढरपूरचे पाणी

एकोणिसाव्या शतकात पटकी आणि यात्रा ही जोडी सरकारी अहवालांत सतत दिसते आणि त्यात पंढरपूरचे नाव ठळक असते. कारण समजून घ्या. आषाढी येते ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. लाखो माणसे लहानशा गावात जमत. शौचालये जवळपास नव्हतीच. नदीचे वाळवंट आणि गावाची कड हीच सोय. पहिल्या जोरदार पावसाने ती सगळी घाण चंद्रभागेत आणि विहिरींत उतरायची आणि तेच पाणी अंघोळीला, स्वयंपाकाला, पिण्याला वापरले जायचे. एका रोग्याच्या जुलाबातून कोट्यवधी जंतू बाहेर पडतात. ते पाण्यात गेले की पुढचे काम पाणीच करते.

पाण्याचा हा दुवा १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी दाखवून दिला होता. ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाभोवती रुग्ण दाटलेले आहेत, हे त्यांनी घरोघर फिरून नोंदवले आणि पंपाचा दांडा काढायला लावला. पण भारतातले अनेक वरिष्ठ सरकारी डॉक्टर पुढची कित्येक वर्षे दूषित हवा आणि हवामान यांनाच दोष देत राहिले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जंतू रुग्णांमध्ये आणि तिथल्या एका तलावाच्या पाण्यात दाखवला. त्यानंतरही सगळ्यांचे मतपरिवर्तन लगेच झाले नाही.

मधल्या काळात दोष कोणाला लागला? यात्रेकरूला! १८६५ मध्ये हजच्या वेळी मक्केत पटकी पसरली, तिथून ती इजिप्तमार्गे युरोपात गेली आणि युरोपातली सरकारे घाबरली. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि भारतातल्या यात्रांकडे जगाला असलेला धोका म्हणून पाहिले जाऊ लागले. गरीब यात्रेकरू अस्वच्छ, अडाणी, हट्टी असे लिहिणे सोपे होते. त्याला पिण्यायोग्य पाणी देण्यासाठी मात्र पैसा लागत होता.

रेल्वेने आणखी एक फरक केला. कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९०६ मध्ये आली. पटकीचा जंतू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही तास ते पाच दिवस जातात. पायी परतणारा वारकरी वाटेतच आजारी पडायचा. गाडीने परतणारा मात्र आधी घरी पोहोचायचा आणि मग आजारी पडायचा. कॉमिक कॉनहून रात्रीच्या बसने परतणाऱ्या मुलाचेही नेमके हेच होते. म्हणून परतल्यानंतरचे दिवस महत्त्वाचे असतात. त्याकडे पुढे येतोच.

विसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेकरूंना पटकीची लस टोचण्याची सक्ती झाली. आपल्याकडच्या जुन्या माणसांना ती ‘कॉलऱ्याची सुई’ आठवत असेल. ही लस अर्धवट आणि काही महिन्यांपुरतेच संरक्षण देत असे आणि साथीचा प्रसार थांबवत नसे. म्हणूनच १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीची कॉलरा लसीच्या दाखल्याची अट काढून टाकण्यात आली. पटकीला खरा बांध घातला तो शुद्ध पाणी आणि शौचालयांनी.

प्लेग: पहारा भलत्याच वाटेवर

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. यात्रा-जत्रा बंद झाल्या, रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली, घरे उघडून झडत्या झाल्या. पुण्यातल्या अतिरेकाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवरच्या गोळीबारात झाली, हे आपण शाळेत शिकलो आहोत.

पण एवढ्या बंदोबस्तानंतरही प्लेग पसरत का राहिला? १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवले की गाठीचा प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे माणसाला होतो. त्यांचे म्हणणे सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर पहारा माणसांवर होता आणि धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर-पिसवा बिनदिक्कत प्रवास करत होत्या. आजाराची वाट चुकीची ओळखली की कितीही कडक उपाय केला तरी जाच तेवढा होतो, फायदा होत नाही.

१९१८: वाट हवेची

जून १९१८ मध्ये मुंबई बंदरावर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. पहिले महायुद्ध संपत आले होते आणि सैनिकांची जहाजे ये-जा करत होती. हाच तो इन्फ्लुएन्झा. सप्टेंबरमध्ये त्याची दुसरी, जास्त घातक लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेमार्गांनी साथ देशभर गेली. भारतातल्या मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत.

इथे पाणी उकळून उपयोग नव्हता. हा आजार श्वासातून येत होता. खोकताना, बोलताना उडणारे थेंब आणि बंद खोलीत तरंगत राहणारे सूक्ष्म कण ही त्याची वाट. कॉमिक कॉनमधला आजार बहुतेक वेळा याच वाटेने येतो.

सप्टेंबर २००९ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरात व्हिडिओ गेमच्या चाहत्यांचा ‘पॅक्स’ नावाचा मेळा भरला. तिथून परतलेल्यांमध्ये स्वाइन फ्लूचे शंभरच्या आसपास रुग्ण निघाले. त्याच्या महिनाभर आधी, ३ ऑगस्ट २००९ रोजी, भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला होता.

याउलट उदाहरणही आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘ॲनिमे एनवायसी’ मेळ्याला सुमारे ५३,००० लोक आले. तिथे ओमिक्रॉनची लागण झालेला माणूस होता, हे नंतर कळले आणि सगळे धास्तावले. चौकशीत मात्र त्या मेळ्यात मोठा फैलाव झाल्याचे आढळले नाही. लस बंधनकारक होती, मास्क सक्तीचा होता आणि हॉलमधली हवा गाळली जात होती. ज्यांना लागण झाली, त्यांच्यात बाहेरच्या बारमध्ये, कराओकेला गेलेल्यांचे किंवा इतरांजवळ बसून बंद जागेत खाणे-पिणे केलेल्यांचे प्रमाण जास्त होते. म्हणजे गर्दी तीच होती, फक्त आजाराची वाट अडवलेली होती.

वाट अडवता येत नसेल, तेव्हा मात्र थांबावे लागते. २०२० मध्ये लस नव्हती, म्हणून ३० जूनला संतांच्या पादुका मोजक्या लोकांसह एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२२ मध्ये लसीकरणानंतर वारी पुन्हा पायी निघाली. वारकऱ्यांनी दोन वर्षे दाखवलेला हा संयम सार्वजनिक आरोग्याचा मोठा धडा आहे.

एका मिठा-साखरेच्या पाण्याची गोष्ट

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण ड्रममध्ये कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात दिले. उपचार होण्याआधी तिथे सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते. हे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. आज औषधाच्या दुकानात मिळणारे ओआरएस ते हेच. साखरेबरोबर मीठ आतड्यातून आत ओढले जाते आणि त्यामागे पाणी जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते, म्हणून ते काम करते.

आता तुमच्यासाठी

गर्दीला जाण्याआधी एकच प्रश्न विचारा: इथे आजाराची वाट कोणती, पाणी-अन्नाची की श्वासाची?

वारी, जत्रा, भंडारा असेल, तर पाणी-अन्नाकडे आधी पाहा:

- पिण्याचे पाणी उकळलेले, क्लोरीन टाकलेले किंवा सीलबंद बाटलीतले असावे. नदीचे पाणी पिऊ नका.
- उघड्यावरचा बर्फ, उसाचा रस, कापून ठेवलेली फळे टाळा. गरमागरम अन्न खा.
- जेवणाआधी आणि शौचानंतर साबणानेच हात धुवा. सॅनिटायझर मळलेल्या हातांवर नीट चालत नाही.
- ओआरएसची पाकिटे सोबत ठेवा आणि पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात कालवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, लहान. दुकानातली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे.

कॉमिक कॉन, सिनेमागृह, बंद हॉल असेल, तर श्वासाकडे पाहा:

- फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. दमा, मधुमेह, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती डॉक्टरांना विचारून अवश्य घ्यावी.
- कॉस्प्लेचा मुखवटा आजार अडवत नाही. चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ मास्क बसमध्ये आणि हॉलमध्ये वापरा.
- दर तासा-दोन तासांनी मोकळ्या हवेत या. शक्य असेल तर जेवणही बाहेर उघड्यावर करा.
- ताप असेल तर जाऊ नका. तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील.

आणि परतल्यावर? फ्लूची लक्षणे साधारण एक ते चार दिवसांत दिसतात. तेवढे दिवस घरातल्या आजी-आजोबांच्या आणि तान्ह्या बाळाच्या फार जवळ बसू नका, बसायचेच तर मास्क लावा. गर्दीत गेलेला तरुण बहुतेक वेळा चार दिवसांत बरा होतो, पण तोच आजार सत्तरीतल्या आजोबांना न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. माझ्या दवाखान्यात दसऱ्यानंतर दाखल करावे लागणाऱ्या रुग्णांमध्ये स्वतः मैदानावर न गेलेली म्हातारी माणसेही असतात. आजार त्यांच्यापर्यंत नातवंडांच्या प्रेमातूनच पोहोचलेला असतो.

धाप लागणे, छातीत दुखणे, तीन दिवसांहून जास्त ताप, गुंगी, लघवी कमी होणे, भाताच्या पेजेसारखे पातळ जुलाब यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नका. आणि साध्या सर्दी-तापाला मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणू नका, विषाणूवर त्याचा उपयोग होत नाही.

माणसाला माणसांत जावेसे वाटते. कोणी विठ्ठलासाठी जातो, कोणी स्पायडरमॅनसाठी! ही ओढ चुकीची आहे असे कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात लिहिलेले नाही. तेव्हा मुलांना जरूर पाठवा. त्यांच्या पिशवीत दोन मास्क आणि दोन ओआरएसची पाकिटे टाका, आणि आजी-आजोबांच्या फ्लूच्या लसीची तारीख आजच ठरवा.