शेंदणं गेलं, वाकणं राहिलं

आमच्या खटाव तालुक्यात पाऊस बेताचा, पण तालमीचा नाद मोठा. मारुतीच्या देवळाशेजारी लाल मातीचा हौदा असायचाच. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं. माती उकरण्यापासूनच व्यायाम सुरू व्हायचा.

आमचे वस्ताद शाळा शिकलेले नव्हते, पण अंगाचं गणित पक्कं. नुसतेच जोर मारणाऱ्या पोराला ते दटावायचे, "आरं, छातीच भरतुयास व्हय? मागची खवाटी कुनी भरायची? धर मुद्गल."

खवाटा म्हणजे पाठीवरचं चपटं, तिकोनी हाड. ते बरगड्यांना सांध्यानं जोडलेलं नसतं. धडाशी त्याचा हाडाचा दुवा एकच, गळ्याजवळच्या हासळीचा. बाकी सगळी मदार स्नायूंवर. छातीचे स्नायू आखडले आणि पाठीचे सैल पडले, की खवाटे पुढं सरकतात, खांदे गोल होतात, मान अवघडते. जोर मारून ढकलायची ताकद येते. दोर चढताना खवाटे मागं आणि खाली ओढले जातात. मुद्गल पाठीमागून फिरला की खांदा मोकळा होतो. ढकलणं आणि ओढणं, दोन्हींचा हिशेब तालमीत जुळायचा.

ही विद्या जुनी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट देवधरांनी मल्लखांबाला वळण लावलं. आमच्याच तालुक्यातल्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांसाठी झटले. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले. 1938 साली त्यांचं इंग्रजी पुस्तक थेट लंडनला छापलं गेलं. नमस्काराला ना हौदा लागतो ना खुराक. सहा हात जागा पुरे. छाती उचलून मान वर करायची, की दिवसभर आखडलेली पुढची बाजू ताणली जाते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा तर आमच्या भागातल्या तालमींना उधाणच आलं.

पण या सगळ्या इतिहासात आमची आज्जी कुठं होती? गावच्या तालमीची पायरी बाईनं चढायची नाही, हा रिवाज. तिची तालीम आडावर. पहाटे पोहरा सोडायचा आणि हातावर हात टाकत दोर वर ओढायचा. घरची माणसं, दोन म्हशी, सगळ्यांचं पाणी तिनंच शेंदायचं. दर ओढीला कोपर मागं जायचं, खवाटे जवळ यायचे. मग डोक्यावर हंडा घेऊन ताठ मानेनं घरी. हे कष्टच होते, त्यांचे गोडवे मी गाणार नाही. हाताला घट्टे पडायचे, उन्हाळ्यात आड तळाला जायचा. तरी दिवसभर भांगलून वाकलेल्या पाठीला उलटा ताण मिळायचा तो तिथंच.

पुढं नळ आला. चांगलंच झालं, बायांचे हात सुटले. पण शेंदणं गेलं आणि भांगलण तेवढी राहिली. उसात, कांद्यात, सोयाबीनमध्ये बाया अजून दिवसदिवस उकिडव्या बसून खुरपं चालवतात. ओढायचं काही उरलं नाही, नुसतं वाकायचं. माझी चुलत भावजय म्हणते, "भावजी, सांजच्याला खवाट्यात आग व्हती. गोळी घेतल्याबिगर झोप न्हाई." गोळीनं रात्र सरते, पण सकाळी पात तीच असते.

आमच्या गावची तालीम आता बंद आहे. तरी वस्तादांची युक्ती शेतात चालते. पात संपली की उभं राहावं. दोन्ही हात पाठीमागं गुंफून खांदे खाली सोडावेत, छाती पुढं काढावी, खवाटे एकमेकांकडं ओढून पाच श्वास थांबावं. मग बांधावरच्या बाभळीला दोर टाकून दहा वेळा ओढावं, आडावर ओढत होतो तसं. कळ आली तर थांबावं. हात बधिर पडत असेल तर डॉक्टरला दाखवावं.

याला पैसा लागत नाही. मिनिटभर वेळ लागतो, आणि भांगलणीत तो बाईच्या हातात नसतो, रानमालकाच्या हातात असतो. मीही रानमालकच आहे. माझ्या रानात पात संपली की बाया उभ्या राहतात, आणि ते मिनिट हजेरीतच धरलं जातं.