लाटेची आगाऊ वर्दी

हवाई बेटांमधल्या ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर वायमेआ बे आहे. जुलैत तिथलं पाणी इतकं निवांत असतं, की लहान मुलं काठावर डुंबत बसतात. डिसेंबर-जानेवारीत त्याच पाण्यात ३०-४० फुटांच्या लाटा फुटतात आणि जीवरक्षक लोकांना वाळूवरही पुढे येऊ देत नाहीत. बेटाच्या दक्षिणेला वायकिकीचं वेळापत्रक नेमकं उलटं. तिथला मोसम मे ते सप्टेंबर.

याचं कारण ओआहूवर सापडत नाही. उत्तर किनाऱ्यावरच्या लाटा हिवाळ्यात जपान आणि अल्यूशियन बेटांच्या बाजूला घोंगावणाऱ्या वादळांनी पाठवलेल्या असतात. वायकिकीच्या लाटा न्यूझीलंडजवळून निघतात, कारण मे ते सप्टेंबर हा दक्षिण गोलार्धातला हिवाळा. हवाई बेटं भर महासागरातून वर आलेली असल्याने त्यांच्याभोवती उथळ समुद्राची रुंद पट्टी नाही. त्यामुळे हजारो किलोमीटर चालून आलेली लाट वाटेत फारशी न थकता थेट प्रवाळाच्या खडकावर येऊन उठते. अशा दूरवरून आलेल्या लाटांना स्वेल म्हणतात. स्वेल येते तेव्हा किनाऱ्यावर वारा असेलच असं नाही. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि पाणी मात्र चढत चाललेलं, हीच तिची ओळख आणि हाच तिचा धोका.

मूळ हवाईयन लोकांना हे मोसम पक्के ठाऊक होते. लाकडी फळीवर उभं राहून लाटेवर स्वार होणं, म्हणजेच सर्फिंग, हा त्यांच्यात राजापासून प्रजेपर्यंत सगळ्यांचा खेळ. समुद्र सपाट असला तर पोहुएहुए नावाच्या वेलीचे ताणे पाण्यावर आपटत लाटेला साद घालण्याची चालही तिथे होती. ही वेल कोकणच्या वाळूवर जांभळ्या फुलांनी पसरते ती आपली मर्यादवेल. पण मोसम कळणं वेगळं आणि उद्या दुपारी काय येणार हे कळणं वेगळं. दुसरी गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुणालाच येत नव्हती.

ती न येण्याची किंमत डिसेंबर १९४३ मध्ये दिसली. वुडी ब्राऊन आणि १७ वर्षांचा डिकी क्रॉस हे दोघे त्याच उत्तर किनाऱ्यावरच्या सनसेट बीचवर सर्फिंगला उतरले. ते पाण्यात असतानाच लाटा वाढत गेल्या आणि परतीची वाट बंद झाली. वायमेआत पाणी खोल आहे, तिथून बाहेर पडता येईल, या आशेने ते किनाऱ्याच्या समांतर हात मारत तिथवर गेले. अंधार पडता पडता तिथेही लाटा फुटू लागल्या. ब्राऊन कसाबसा वाळूवर फेकला गेला, क्रॉस मिळाला नाही. सर्फर मंडळी त्यानंतर १९५७ पर्यंत वायमेआपासून लांबच राहिली.

ती लाट आधी ओळखता येईल असं गणित तेव्हा तयार होत आलं होतं, पण ते लष्कराच्या कुलपात होतं. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेचे संचालक हाराल्ड स्वेरड्रुप आणि त्यांचा व्हिएन्नात जन्मलेला तरुण विद्यार्थी वॉल्टर मंक यांनी ते मांडलं. १९४२ मध्ये अमेरिकी सैन्य उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरण्याची तालीम करत होतं. लाटा थोड्या वाढल्या, की उतराईच्या होड्या आडव्या होत आणि सराव थांबवावा लागे. ज्या किनाऱ्यावर उतरायचं तिथे तर हिवाळ्यात लाटा याहून मोठ्या असतात, हे मंकच्या लक्षात आलं. मग दोघांनी हिशेब बसवला: वाऱ्याचा वेग किती, तो किती वेळ वाहिला, किती लांबीच्या पाण्यावरून वाहिला, त्यावरून लाट केवढी उठेल आणि दूरच्या किनाऱ्यावर केव्हा, केवढी होऊन पोचेल.

समुद्रावर सगळ्या लाटा सारख्या नसतात, मग आकडा कोणता सांगायचा? होडी चालवणारे नजरेने जी उंची सांगत ती सरासरीपेक्षा जास्त असे, कारण माणसाच्या ध्यानात मोठ्या लाटाच राहतात. म्हणून सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी घ्यायची असं ठरलं. जगभरचे समुद्री अंदाज आजही लाटेची उंची म्हणून हाच आकडा देतात. या पद्धतीत तयार झालेल्या अधिकाऱ्यांनी जून १९४४ च्या नॉर्मंडीच्या उतराईसाठीही लाटांचे अंदाज काढले.

युद्धानंतर प्रश्न उरला तो अंतराचा. वादळात लहानमोठ्या आवर्तनकालाच्या लाटा एकत्रच जन्मतात. आवर्तनकाल म्हणजे एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंत जाणारे सेकंद. खोल पाण्यात २० सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगाने जातो, १४ सेकंदांचा ताशी ३९. एकाच फलाटावरून सुटलेल्या जलद आणि धीम्या लोकलमधलं अंतर पुढच्या प्रत्येक स्टेशनाला वाढावं, तसं यांचं होतं. ३,००० किलोमीटरवर दोघांच्या पोचण्यात जवळपास एका दिवसाचा फरक पडतो. म्हणून लांब आवर्तनकालाची, दिसायला बुटकी लाट आधी येते आणि मागून मोठी फौज येत असल्याची वर्दी देते. हा फरक मोजला, की वादळ किती दूर झालं तेही उलट काढता येतं. बार्बर आणि अर्सेल या ब्रिटिश संशोधकांनी १९४८ मध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या नोंदींवरून हे दाखवलं.

मंकने १९६३ मध्ये याची सर्वांत मोठी परीक्षा घेतली. न्यूझीलंड, सामोआ, पाल्मायरा, हवाई, त्यापुढे समुद्रातलं एक तरंगतं केंद्र आणि शेवटी अलास्का अशी लाट मोजणारी यंत्रं ओळीने मांडली. दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा विषुववृत्त ओलांडून अलास्कापर्यंत गेल्या, आणि वादळाचा प्रदेश सोडल्यावर त्यांची ऊर्जा वाटेत फारच थोडी घटली. वायकिकीच्या उन्हाळी लाटांचा उगम आता आकड्यांत सिद्ध झाला. न्यूझीलंडजवळून हवाईला यायला त्यांना साधारण सहा दिवस लागतात.

हे ज्ञान सर्फरांच्या हाती यायला आणखी दोन दशकं गेली. १९८० च्या दशकात हवाईच्या वायव्येला समुद्रात लाटा मोजणारा तरंगक बसला. त्याने नोंदलेली स्वेल काही तासांनी ओआहूला येते. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात पैसे मोजून फोनवर लाटांचा अंदाज ऐकण्याची सेवा निघाली. तिथे काम करणाऱ्या शॉन कॉलिन्स यांनी हवामानाचे नकाशे वाचून अंदाज बांधायला स्वतःच शिकून घेतलं होतं. पुढे उपग्रह आणि संगणकी प्रारूपं आली.

तरी शेवटचा शब्द समुद्राचाच. वायमेआचे पहिले जीवरक्षक एडी ऐकाऊ यांच्या नावाची स्पर्धा लाटा ठरलेल्या उंचीच्या असतील तरच होते, म्हणून कित्येक वर्षं ती होतच नाही. १० फेब्रुवारी २०१६ रोजी अंदाज पाहून ती जाहीर झाली, किनाऱ्यावर गर्दी लोटली, आणि लाटा पुरेशा न आल्याने सकाळीच रद्द झाली. ती भरली त्याच महिन्याच्या २५ तारखेला.

हिंदी महासागरात हेच घडतं. दक्षिणेकडच्या वादळांची स्वेल काही दिवसांनी भारताच्या किनाऱ्यावर येते. केरळात निरभ्र आकाशाखाली पाणी घरात शिरतं ते यामुळेच. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था तिचे इशारे देते, त्यात कोकणकिनाराही असतो. या इशाऱ्यांत आपण फक्त मीटर वाचतो आणि एवढ्याशा लाटेला काय घाबरायचं म्हणून होडी काठालाच ठेवतो किंवा मुलांना पाण्यात सोडतो. पुढच्या वेळी आवर्तनकालाचे सेकंदही वाचा. ६ सेकंदांची एक मीटर लाट आणि १८ सेकंदांची एक मीटर लाट या एक नव्हेत. दुसरी उथळ पाण्यात जास्त उंच उठते आणि वाळूवर कितीतरी आत धावते. तो आकडा १५ च्या वर दिसला, तर वारा पडलेला असला तरी होडी वर ओढून घ्या.