मनगटावरचा आकडा आला कुठून?

तर झालं असं की, दिवाळीत साताऱ्याला घरी गेले होते. बाबा ६२ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि तेव्हापासून ते रोज पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढाने चालायला जातात. या खेपेला त्यांच्या मनगटावर नवंकोरं घड्याळ होतं, आतेभावाने वाढदिवसाला दिलेलं. मी सोबत निघाले, तर बाबा मला मागे टाकून पुढे. चांगली धाप लागलेली, तरी थांबायचं नाव नाही.

"बाबा, अहो जरा दमानं!"

"थांब गं, अजून झोनमध्ये आलो नाहीये. एकशे अकराच्या पुढे पाहिजे."

वळणावर घड्याळाने एकशे चौदा दाखवले आणि बाबा खूश होऊन थांबले. मी लगेच त्यांची नाडी धरली. १५ सेकंदांत २३ ठोके, म्हणजे मिनिटाला ९२. थांबल्यावर नाडी थोडी उतरतेच, पण इतक्या कमी वेळात इतकी नाही. मग पुढच्या सपाटीवर मी त्यांची पावलं मोजली. मिनिटाला ११५ भरली. माझ्या डोक्यात प्रकाश पडला: घड्याळ बाबांचं हृदय मोजत नव्हतं, पाय मोजत होतं.

त्वचेतून प्रकाश कसा आरपार जातो, कुठे शोषला जातो, यावर माझं पीएचडीचं काम चालतं. त्यामुळे नातेवाइकांत "कुठलं घड्याळ घेऊ?" हा प्रश्न आला की तो माझ्याकडेच येतो. मी आजवर किंमत आणि बॅटरी बघून काहीतरी सांगून मोकळी व्हायचे. त्या सकाळनंतर तसं सांगवेना. कारण त्या एकशे चौदाच्या मागे एक चूक होती आणि "एकशे अकरा पाहिजे" यामागे दुसरी, जास्त धोक्याची. दोन्ही चुका आजच्या नाहीत, जुन्या आहेत. म्हणून आज थोडा इतिहास.

नाडी बघणं आपल्याला नवीन नाही. शार्ङ्गधर संहितेत नाडीच्या चालीला प्राण्यांची उपमा दिली आहे: वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी उड्या मारत, कफाची हंसासारखी संथ. वैद्याचा प्रश्न "किती?" हा नव्हता, "कशी?" हा होता. युरोपातही गॅलेनच्या परंपरेतले वैद्य बराच काळ नाडीचं असंच वर्णन करत. मोजणं नंतर आलं, कारण मोजायला घड्याळ लागतं. १७व्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत सांतोरियो सांतोरियो या वैद्याने दोरीला वजन बांधून लोलक केला. लोलकाची लय रोग्याच्या नाडीशी जुळेपर्यंत दोरी कमीजास्त करायची आणि मग दोरीची लांबी हेच माप. म्हणजे नाडी सेंटिमीटरमध्ये! १७०७ साली जॉन फ्लॉयर या इंग्लिश डॉक्टरने खास एका मिनिटाच्या मोजणीसाठी घड्याळ करून घेतलं आणि त्यावर पुस्तक लिहिलं. "मिनिटाला इतके ठोके" ही आपली भाषा साधारण तिथून सुरू होते.

मनगटावर बांधायचं यंत्रसुद्धा वाटतं त्यापेक्षा खूप जुनं आहे. १८६० च्या सुमारास पॅरिसमध्ये एतिएन-ज्यूल मारे याने एक लहानसं उपकरण बनवलं. ते मनगटावर पट्ट्यांनी बांधायचं, नाडीवर एक स्प्रिंग टेकायची, तिला जोडलेली काडी काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढत जायची. मारेच्या यंत्राला "किती" आणि "कशी" दोन्ही कळायचं. आपल्या घड्याळाच्या पडद्यावर मात्र फक्त "किती" उरलं आहे.

इथून पुढे दोन घराणी वेगळी होतात. दुकानात घड्याळ आणि छातीचा पट्टा शेजारी शेजारी टांगलेले असतात, म्हणून ते एकच काम करतात असं वाटतं. पण त्यांची कुळं वेगळी आहेत.

पहिलं घराणं विजेचं. हृदयाचा स्नायू आकुंचन पावण्याआधी त्यातून विजेची लाट जाते आणि तिचा अगदी क्षीण अंश त्वचेपर्यंत पोचतो. लंडनमध्ये ऑगस्टस वॉलरने १८८७ मध्ये तो माणसाच्या शरीरावरून नोंदवून दाखवला. नेदरलँड्समधल्या लायडन इथे विलेम आइंटहोवेनने २०व्या शतकाच्या सुरुवातीला त्यासाठी इतकं संवेदनशील यंत्र केलं की आजचा ईसीजी त्याच्यापासूनच धरला जातो. ते यंत्र पावणेतीनशे किलोच्या आसपास होतं, चालवायला पाच माणसं लागत आणि रोगी दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचा. यंत्र दवाखान्यात नेणं अशक्य, म्हणून १९०५ मध्ये आइंटहोवेनने दीड किलोमीटरवरच्या दवाखान्यातून टेलिफोनच्या तारेने रोग्याच्या हृदयाचे संकेत आपल्या प्रयोगशाळेत आणले. १९२४ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

मग यंत्र हलकं करायची धडपड सुरू झाली. अमेरिकेतल्या माँटानामध्ये नॉर्मन होल्टरने १९४० च्या दशकाच्या अखेरीस चालताफिरता ईसीजी नोंदवला, पण त्यासाठी पाठीवर ३८ किलोंचं बोचकं घ्यावं लागायचं. (दवाखान्यात चोवीस तास लावतात तो "होल्टर" याच्याच नावाचा.) फिनलंडमध्ये सेप्पो सायनायाकांगास या प्राध्यापकाला १९७५ मध्ये स्कीइंग करताना एका प्रशिक्षकाने अडचण सांगितली, की खेळाडू पळत असताना त्याची नाडी मोजता येत नाही. त्यातून १९७७ मध्ये पोलार ही कंपनी निघाली आणि १९८२ मध्ये बिनतारी संच बाजारात आला: छातीला पट्टा, मनगटावर फक्त आकडा दाखवणारं घड्याळ. लक्षात घ्या, तेव्हाचं घड्याळ काहीच मोजत नव्हतं. मोजायचा तो पट्टा.

दुसरं घराणं प्रकाशाचं, म्हणजे माझं. बॅटरीवर तळहात ठेवला की बोटं लाल दिसतात, हे लहानपणी सगळ्यांनीच केलंय. प्रत्येक ठोक्याला त्वचेखाली रक्त थोडं वाढतं, तेवढा प्रकाश जास्त शोषला जातो. परत येणारा प्रकाश मोजला तर तो ठोक्याच्या तालात कमीजास्त होताना दिसतो. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये आल्रिक हर्ट्झमनने दिवा आणि प्रकाशघट वापरून हे तंत्र बसवलं. आज घड्याळाच्या पोटाशी हिरवे दिवे लुकलुकतात, ते याच कल्पनेचे वंशज.

हर्ट्झमनबद्दल मला वेगळाच आदर आहे. तंत्र नवीन असतानाच त्याने त्याच्या अडचणीही लिहून ठेवल्या होत्या: उपकरण त्वचेवर हललं की नोंद बिघडते, जास्त दाबलं तरी बिघडते, बाहेरचा उजेड आत शिरता कामा नये. जवळपास ९० वर्षं झाली. आजच्या घड्याळाच्या माहितीपुस्तिकेतल्या सूचना वाचा, यादी तीच आहे. फरक इतकाच, की हर्ट्झमनसमोरचा माणूस स्तब्ध बसलेला होता आणि आपण तेच तंत्र बांधून गड चढतोय.

या घराण्यातली दुसरी गोष्ट जपानची. १९७० च्या दशकात निहोन कोहदेन कंपनीत ताकुओ आओयागी कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून रक्तात मिसळलेला रंग मोजत होता. नाडीमुळे त्याची रेघ सारखी थरथरायची. हा त्रास घालवण्यासाठी त्याने दोन रंगांच्या प्रकाशाचं गुणोत्तर काढलं, तर रक्तातला ऑक्सिजन बदलला की हिशेब चुकायचा. मग त्याच्या लक्षात आलं की ज्याला आपण कचरा समजतोय त्यातच धमनीतल्या ऑक्सिजनची माहिती आहे. १९७४ मध्ये त्याने हे मांडलं आणि पल्स ऑक्सिमीटर जन्माला आला. कोविडच्या वर्षात आपल्याकडे घरोघरी बोटाला लावला तोच.

आओयागीला नाडी नकोशी होती. आपल्या घड्याळाला नकोशी असते ती हालचाल. हात हलला की रक्तही हिंदकळतं आणि घड्याळही सरकतं. पावलांचा ताल ठोक्यांच्या तालाइतकाच नियमित असतो, कधी कधी जास्तच ठसठशीत. आकडेमोड करणाऱ्या प्रोग्रामला दोन ताल दिसतात आणि तो चुकीचा पकडतो. बाबांचं तेच झालं. आणि हो, हॉस्टेलवर आम्ही एकदा एक स्वस्तातलं घड्याळ टॉवेलच्या गुंडाळीला बांधलं होतं. टॉवेलची नाडी ७८ आली. म्हणजे ठोका सापडला नाही तर काहीतरी आकडा दाखवायचाच, असा काही घड्याळांचा स्वभाव असतो.

सगळीच घड्याळं टाकाऊ आहेत असं मात्र नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये ६० जणांवर ७ घड्याळं तपासली, त्यातल्या ६ घड्याळांची ठोक्यांतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. (कॅलरींचं विचारू नका. सगळ्यात चांगलं घड्याळही सरासरी २७ टक्के चुकलं.) सावळ्या त्वचेचा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. मेलॅनिन हिरवा प्रकाश शोषतं, त्यामुळे शंका रास्तच आहे. स्टॅनफर्डच्या अभ्यासात गडद त्वचेवर चूक थोडी जास्त आढळली. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या गटाने केलेल्या तुलनेत त्वचेच्या रंगाने ठोस फरक पडला नाही, पण हालचाल करताना चूक विश्रांतीपेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी वाढली. माझं मत विचाराल तर ठोक्यांपुरता सगळ्यात मोठा शत्रू हालचालच. ऑक्सिजनच्या आकड्याची गोष्ट वेगळी, तिथे त्वचेचा रंग खरोखर महत्त्वाचा ठरतो. त्यावर स्वतंत्र लिहीन.

आता दुसरी चूक. "एकशे अकरा" कुठून आले? घड्याळाने २२० मधून बाबांचं वय वजा केलं, १५८ आले, त्याचे ७० टक्के काढले. हे "२२० वजा वय" आपण जिमच्या भिंतीवर पाहतो, त्यामुळे तो शरीरशास्त्राचा नियम वाटतो. मूळ बघायला गेलं तर १९७१ च्या सुमारास फॉक्स, हॅस्केल आणि सहकाऱ्यांनी दहाएक अभ्यासांतले आकडे एका आलेखावर मांडले आणि त्यातून अंदाजे एक रेघ ओढली. व्यायामाचा नियम म्हणून ती ओढलीच नव्हती. तनाका यांच्या गटाने २००१ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून "२०८ वजा वयाच्या ०.७ पट" असं सूत्र दिलं. त्याने बाबांचे १६५ येतात. आणि कुठलंही सूत्र घ्या, एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत १०-१२ ठोक्यांचा फरक अगदी सहज असतो.

पण बाबा "निरोगी माणूस" या गटात बसतच नाहीत. त्यांना बीटा ब्लॉकरची गोळी चालू आहे. ॲड्रेनलिन हृदयाला "पळ" म्हणतं तेव्हा ही गोळी मध्ये हात घालते. ठोके वाढू न देणं हेच तिचं काम. घड्याळाने सेटिंगमध्ये वय विचारलं, वजन विचारलं, उंची विचारली, औषध विचारलं नाही. गोळी ठोके खाली धरतेय, घड्याळ म्हणतंय अजून वाढव आणि या दोघांच्या मध्ये बाबा चढावर धापा टाकतायत. माझ्या पोटात गोळा आला तो हे लक्षात आल्यावर.

त्याच आठवड्यात आम्ही त्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाईलमधून गोळी चालू असताना केलेल्या स्ट्रेस टेस्टचा कागद काढला आणि त्यावरून बाबांपुरता आकडा ठरवून दिला. तो एकशे अकराच्या बराच खाली होता. गोळीला हात लावायचा नाही हेही बजावलं. शिवाय म्हणाले, चालताना बोलता आलं पाहिजे, बोलता येईना की वेग कमी करायचा. याचाही एक इतिहास आहे. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या मानसशास्त्रज्ञाने "किती दम लागला?" हे माणसालाच विचारून त्याला ६ ते २० असे गुण द्यायची पट्टी केली. ६ पासून का? तर गुणाला १० ने गुणलं की तरुण निरोगी माणसाचे ठोके अंदाजे यावेत, ६० ते २००. बीटा ब्लॉकरवाल्यांना ठोक्यांपेक्षा हा दमाचा अंदाज जास्त उपयोगी पडतो.

राहिला मूळ प्रश्न, कुठलं घ्यायचं. बसल्या जागी, झोपेत, महिन्याभरात ठोके कसे बदलतायत हे बघायचं असेल तर बऱ्यापैकी कंपनीचं मनगटावरचं घड्याळ पुरतं. पट्टा घट्टसर, मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि हिवाळ्यात हात गार असेल तर आकड्यावर फार विसंबायचं नाही. पळणं, चढ, सायकल यासाठी आकडा खरंच हवा असेल तर छातीचा पट्टा. झोनचे आकडे स्वतः भरता येतात का हे घेण्याआधी बघा. येत नसतील तर ते घड्याळ औषधं चालू असलेल्या माणसासाठी नको. आणि एकदा तरी घड्याळाच्या आकड्यासमोर स्वतःची नाडी बोटांनी मोजून बघा, सेकंदकाटा भिंतीवर असतोच.

आतेभावाचं घड्याळ बाबांनी काढलेलं नाही, पण झोनची सूचना मी बंद करून टाकली आहे. छातीचा पट्टा आणून दिला. तो कोरडा असला की सुरुवातीला ठोके पकडत नाही, म्हणून निघताना ओला करावा लागतो. बाबा रोज पहाटे बेसिनपाशी उभे राहून पट्टा भिजवतात आणि आईला सांगतात की लेकीने काय पण वस्तू दिली, थंडीत छातीला गार पाणी लावायला लावते. आइंटहोवेनची मिठाच्या पाण्याची भांडी मी त्यांना फोनवर सांगितली. म्हणाले, "मग मीठ घालू का?"