जागतिक आरोग्य : पदव्युत्तर अध्ययन

जागतिक आरोग्य ही वैद्यकाची एखादी उपशाखा नसून, एकट्या रोग्याऐवजी लोकसमूहाचा विचार करणारे आणि देशोदेशींच्या व देशांतर्गत आरोग्य-विषमतेची कारणे शोधणारे अनेक विद्याशाखांचे सामाईक क्षेत्र आहे. त्याचे पदव्युत्तर अध्ययन बहुधा सार्वजनिक आरोग्यातील एम. पी. एच. या एक ते दोन वर्षांच्या पदवीच्या रूपाने होते, तर काही विद्यापीठांत त्यासाठी स्वतंत्र एम. एस्सी. आहे; वैद्यकीय पदवीची अट सर्वत्र नसल्याने डॉक्टर, परिचारिका, अर्थशास्त्र वा मानवशास्त्राचे पदवीधर एकाच वर्गात बसतात.

या अध्ययनाचा उगम साम्राज्याच्या गरजांत आहे. लिव्हरपूलला १८९८ मध्ये जहाजमालक आल्फ्रेड जोन्स यांच्या देणगीतून आणि लंडनला १८९९ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांच्या पुढाकाराने उष्ण कटिबंधीय वैद्यकाची विद्यालये निघाली, ती मुख्यतः वसाहतींत जाणारे अधिकारी, व्यापारी आणि खलाशी हिवतापासारख्या रोगांनी दगावू नयेत म्हणून. तेथील रयतेच्या आरोग्याचा विचार मागाहून आला. दुसरा प्रवाह अमेरिकेतला : रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९१६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, तर १९३२ मध्ये कलकत्त्यात सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणसंस्था स्थापन झाल्या. पुढे ‘उष्ण कटिबंधीय’चे ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’चे ‘जागतिक’ झाले. मात्र नाव जितक्या सहज बदलले, तितक्या सहज प्रतिष्ठित पदव्या देणाऱ्या संस्थांचे पत्ते बदलले नाहीत.

अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे मोजणी. रोग कोणाला, कोठे, केव्हा व का होतो हे सांगणारे साथरोगशास्त्र आणि त्या निष्कर्षांतील योगायोगाचा वाटा तपासणारी जैवसांख्यिकी हे दोन विषय जवळजवळ सर्वत्र अनिवार्य असतात. रुग्णालयात आलेल्यांची संख्या हा केवळ अंश होय, छेद गावात असतो, हे या शिक्षणातले पहिले आणि बहुधा सर्वांत टिकाऊ भान म्हणता येईल. अकाली मृत्यूने गमावलेली वर्षे आणि आजारपणाने वा अपंगत्वाने उणावलेली वर्षे यांची बेरीज करणारे रोगभाराचे मापही येथे शिकवले जाते. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालाने ते रूढ केले, तरी कोणत्या व्याधीला किती वजन द्यायचे हा प्रश्न गणिताइतकाच मूल्यविवेकाचाही आहे.

महाराष्ट्राचा या अध्ययनाशी असलेला संबंध दुहेरी आहे : शिकण्याचा आणि शिकवण्याचा. मसुरीत जन्मलेले कार्ल टेलर यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग उभारला. त्या विद्यापीठात शिकून परतलेल्या रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे, बहुतांशी अल्पशिक्षित वा निरक्षर असलेल्या ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवणारा प्रकल्प सुरू केला; जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या एका ग्रंथात त्याचा समावेश झाला, आणि १९७८ च्या आल्मा-आता परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार केला तेव्हा असे प्रयोग डोळ्यांसमोर होते. अभय व राणी बंग यांनीही १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्येच पदवी घेऊन पुढे गडचिरोलीत काम उभे केले. ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांनी घरीच नवजात बालकांची काळजी घेतल्यावर, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. बाल्टिमोरला शिकलेली छेदाची शिस्त येथे उपयोगी पडली, पण रुग्णालयाबाहेर तान्ह्या बाळाच्या जंतुसंसर्गावर उपचार करण्याचे धाडस कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते. आज या दोन्ही ठिकाणांची कामे परदेशी विद्यार्थ्यांच्या वाचनात असतात.

अभ्यासाचे क्षेत्र गरीब दक्षिणेत आणि वर्ग श्रीमंत उत्तरेत, ही जगाची विभागणी आता काहीशी सैलावते आहे. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात १९९७ पासून एम. पी. एच. शिकवले जाते, ढाक्यात २००४ मध्ये ब्रॅक विद्यापीठाने सार्वजनिक आरोग्याचे विद्यालय काढले, आणि २०१५ मध्ये रुवांडात स्थापन झालेल्या, आरोग्यातील समतेला वाहिलेल्या विद्यापीठाचे संकुल राजधानी किगालीत नव्हे, तर उत्तरेकडील डोंगराळ बुटारोत, तेथील रुग्णालयाजवळ आहे.